बेबीनंदाताईंची पुढची सीट

आमच्या वडीगोद्रीत मच्छिंद्रभाऊंचं घर विचारलं तर कुणी देऊळ सांगत नाही, झाड सांगत नाही. "जिथं पितळी बिल्ल्यांची माळ लटकतीय ते घर" असं सांगतात. नवख्या माणसाला वाटतं, इथं कुणी जादूटोणा करतं. मी शेजारीण असल्यामुळं हा गैरसमज दूर करायचं माझं काम होतं, आणि मी ते कधी केलं नाही.

ती माळ म्हणजे भाऊंच्या सव्वीस वर्षांच्या ड्रायव्हरकीची कमाई. शहागड ते अंबड काळी-पिवळी जीप चालवायचे. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची पितळेची छोटी झडप असते. पाणी तापेपर्यंत ती मिटून असते. तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडं थंड व्हायला सोडते. बिघडून मिटलेलीच राहिली तर इंजिन उकळतं. तर भाऊंचा नियम असा, की बिघडायची वाटच बघायची नाही. उन्हाळा लागायच्या आत झडप उपटून फेकायची.

"घशात अडकलेलं हाडूक हाय ते," भाऊ म्हणायचे. "काढलं की गाडी मोकळी."

स्वतःच्या जीपमधली काढली, दोस्तांच्या जीपमधल्या काढल्या, एकदा तर रस्त्यात वरात थांबवून नवरदेवाच्या गाडीतली काढली. प्रत्येक झडप तारेत ओवून ओसरीला टांगली. हायवेवरचे बाकीचे ड्रायव्हरही हेच करायचे, पण माळ करायची हौस एकट्या भाऊंची.

मी लग्न होऊन आले ती त्यांच्याच जीपमधून. पुढं ड्रायव्हरजवळ चौघं, त्यातल्या एकाच्या दोन पायांमध्ये गिअर. मागं मी, सासरची नऊ माणसं, एक शिलाई मशीन आणि कुणाचं तरी बोकड. भाऊ ओरडत होते, "सरका, सरका, अजून एक मावतंय!" ते अजून एक म्हणजे त्यांची बायको, बेबीनंदाताई. माहेरी तीर्थपुरीला निघालेल्या. मालकीण असून दारातल्या फळकुटावर अर्ध्या बुडानं बसलेल्या.

"पुढं बसवा की बायकोला," मी नवी नवरी असून बोलले. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे.

"पुढची सीट गिऱ्हाइकाची," भाऊ म्हणाले. मग आरशात बघून हळूच, "एक दिवस पुढची सीट फक्त तुझी. लिहून ठेव."

बेबीनंदाताईंनी लिहून ठेवलं नाही, पण विसरल्याही नाहीत. तीन वर्षांमागं भाऊंनी जुनी पांढरी कार घेतली ती केवळ त्या शब्दापायी. दर रविवारी सकाळी दोघं तीर्थपुरीला जातात. ताईंची आई झुंबरबाई नव्वदीला टेकल्यात, त्यांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे. पुढच्या सीटवर ताई अशा बसतात, की आमदारीण निघाली म्हणावं.

कारच्या इंजिनाला भाऊंनी इतके दिवस हात लावला नव्हता. पण ह्या मे महिन्यात शहागडच्या पुलावर कार उकळली. भाऊंनी काय केलं असेल? बराबर. झडप उपटली, माळेत तेरावी ओवली, आणि मिशीवर हात फिरवला.

मग डिसेंबर आला. ताईंचे गुडघे थंडीत धरतात. मागच्या हिवाळ्यात हीटर लावला की पायाशी ऊब यायची. यंदा हीटर नुसता गार वारा फेकू लागला. झडपच नाही, तर इंजिनातलं पाणी तापणार कधी आणि हीटरला ऊब देणार कोण? दोन रविवार ताई शाल गुंडाळून कुडकुडत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येत्या रविवारपासून मी एष्टीनं जाईन. तिथं माणसांची तरी ऊब राह्यती."

भाऊंचं तोंड मी भिंतीवरून पाह्यलं. सव्वीस वर्षांत जीप तीनदा पलटी होता होता वाचली, तेव्हासुद्धा असं उतरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून आरडाओरडा आला, म्हणून मी हातातलं काम टाकून धावले. (हातात काम नव्हतं.) गॅसवर दुधाचं भगुनं, भगुन्यात पाणी, आणि पाण्यात माळेतली झडप.

"माझ्या दुधाच्या भगुन्यात इंजिन शिजवून राह्यलेत!" ताई म्हणाल्या.

"जरा थांब ना. ह्यातली एखादी चालू असंल तर कारला बसवतो."

पहिली घातली ती कारचीच. पाणी उकळलं, तरी मिटलेलीच. "बघा, बिघडलेली," भाऊ खूश. दुसरी घातली. पाणी उकळायच्या आधीच टुकूकन् उघडली. तिसरी उघडली. चौथीही. एकेक घालताना भाऊ सांगत होते, "ही आपल्या पहिल्या जीपची. ही नवरदेव कल्याणच्या गाडीची, वरातीतली. ही शहागडच्या कचरूची, गेला बिचारा." झडप पाण्यात डोळा उघडायची आणि भाऊंचा आवाज एकेक पायरी खाली जायचा.

कारची सोडून बारापैकी अकरा उघडल्या.

"भाऊ," मी म्हणाले, "अकरा धडधाकट माणसांचं ऑपरेशन केलंत की हो तुम्ही!"

ते हसले नाहीत. भगुन्याकडं बघत म्हणाले, "थंडीत सकाळी पहिली फेरी मारताना कचरू म्हणायचा, मच्छिंद्रा, इंजिन गरमच होईना गेलंय, डिझेल लई पिऊन राह्यलंय. मी म्हणायचो, तुला गाडीतलं कळत न्हाई." ताईंनी भगुनं उचलून बाहेर ओतलं, आणि राखेनं घासायला बसल्या.

त्या अकरांतली एकही कारला बसेना. मापच वेगळं. मग भाऊ अंबडला जाऊन नवी झडप घेऊन आले. शनिवारी दुपारी, इंजिन पार थंड झाल्यावर, अंगणात काम काढलं. मी सामान धरायला, म्हणजे बघायला. खाली टब लावून पाणी सोडलं, वरचा मोठा पाइप ढिला केला, दोन बोल्ट खोलून झाकण काढलं. आत रिकामी जागा. भाऊंनी ती जागा फडक्यानं इतकी पुसली, की देव्हारा असावा. झडप बसवायला हात पुढं नेला आणि थांबले.

"काय झालं?"

"आयुष्यात पहिल्यांदा घालून राह्यलो, साधना. काढायची सवय हाय."

"उलटी घालू नका म्हंजे झालं."

"तू जरा गप्प राह्यती का?"

नवं रबर लावून झाकण आवळलं, हिरवं कूलंट भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. स्टिअरिंगसमोरचा तापमानाचा काटा हळूहळू मध्यावर चढला. जन्मभर ज्या काट्याला भ्याले, त्याच्याकडं भाऊ टक लावून बघत होते. मध्यावर येऊन तो थांबला. तिथंच राहिला.

रविवारी सकाळी ताई पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत झुंबरबाईंसाठी शिकेकाई. पायात एष्टीसाठी घातले असावेत असे बूट, कारण कारमध्ये त्या चपला घालूनच बसतात. गेटपाशी दोन पावलं थांबल्या. भाऊंनी आतूनच पुढचं दार उघडलं.

मी तोपर्यंत अंगण तीनदा झाडलं होतं. चौथ्यांदा झाडायला घेतलं तेव्हा ताई बसल्या. कार गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, मागून दूधवाला हॉर्न मारत होता, तरी हालेना. इंजिन तापायची वाट बघत असणार. मग निघाली.

वळणावर पोचायच्या आत, त्या कडाक्याच्या थंडीत, ताईंच्या बाजूची काच चार बोटं खाली आली, आणि शाल काढून मागच्या सीटवर फेकलेली मला इथून दिसली.