रत्नाकाकूंच्या टीव्हीवर आमचा गेम

मी हैदराबादला निघाले त्या सकाळी निरोपाला सगळ्यात आधी आल्या त्या शेजारच्या रत्नाकाकू. हातात दह्याची वाटी. चमचाभर दही माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "पोरी, आता तिकडे तू खड्ड्यात पडली तं आमाले कसं दिसन व?" बाबा मोठ्याने हसले. आई आधीच रडत होती, ती रडता रडता हसली. माझ्या बॅगा स्टँडवर पोचवायला आलेला ऑटोवाला मात्र गडबडला. नोकरीला निघालेल्या पोरीला कोणी असं बोलतं का, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तो खड्डा व्हिडिओ गेममधला होता. बाभुळगाव सोडून गेलेल्यांना आणि तिथेच राहिलेल्यांना हे एकदा नीट सांगावं असं बरेच दिवस मनात आहे, कारण आमच्या गल्लीबाहेर कोणी ते खरं मानत नाही.

मी तेव्हा शाळेत होते. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. एका दिवाळीच्या आधी ते यवतमाळहून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आले. खोक्यावरची अक्षरं जपानी वाटायची, आतला माल चिनी. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात तेच चार-पाच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. रणगाड्यांचा एक, बदकांचा एक, आणि आमचा आवडता, खड्ड्यांवरून उड्या मारत पळणाऱ्या टोपीवाल्याचा. आई त्याला टोप्या म्हणायची. ही सगळी कुठल्या तरी मूळ यंत्राची नक्कल आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी फरक पडला नसता.

डबा टीव्हीला जोडायचा तर अँटेनाची वायर काढावी लागायची. आणि अँटेना ही बाबांची दुखरी जागा. छपरावर चढून ते दांडा फिरवणार, खालून आई "आलं, आलं... गेलं!" ओरडणार, असं करत कशीबशी जुळलेली ती अँटेना. तिच्या वायरीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनी फिटरचं डोकं चालवलं. अँटेनाची वायर तशीच ठेवली आणि गेमची वायर तिलाच पिळून वरून काळी टेप गुंडाळली. गेम चालू झाला. बाबा स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

त्यातून झालं असं की गेम त्या वायरीतून जसा टीव्हीत उतरत होता, तसाच वर अँटेनावरही चढत होता आणि तिथून आजूबाजूच्या घरांत. आम्हाला याचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी नळावर रत्नाकाकू मला म्हणाल्या, "काय व, काल पाण्याजवळच्या खड्ड्यात पडली ना तू? जरा थांबून उडी मारायची ना माय!" मी चाट पडले. त्यांच्या टीव्हीचं बटण फिरवता फिरवता त्यांना एका रिकाम्या चॅनेलवर आमचा टोप्या सापडला होता. आवाज नाही, चित्रावर मुंग्याच मुंग्या, पण पडलेला दिसायचा.

मग काय, गल्लीला धंदाच मिळाला. मी अभ्यास सोडून खेळत असले की आईला ते घरी पोचायच्या आधीच गल्लीत कळायचं. पण एकदा डाव उलटला. शाळेतून आले तर रत्नाकाकू ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुयी आई तं दुपारी किल्ल्यापर्यंत गेलती! तुले जमलं काय कधी?" स्वयंपाकघरात आईने एकदम जोरात भांडी घासायला घेतली. दुपारी गव्हाला ऊन दाखवते, डाळ निवडते म्हणणारी माझी आई चोरून खेळत होती. त्या दिवसापासून आम्ही दोघी जोडीने खेळायला लागलो. दुसरा रिमोट तिचा. त्याला सुरू करायचं बटण नव्हतं, म्हणून ती हात पुसत येऊन बसायची आणि म्हणायची, "कर चालू."

पुढे टीव्हीच्या मेकॅनिकने बाबांना वायरीची चूक दाखवली. बाबा वरमले. पकड घेऊन जोड सोडवायला बसणार तोच रत्नाकाकू दारात. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर, कायम मुक्कामाच्या गाडीवर. "राहू द्या ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचं काय जाते? मले सोबत होते." बाबांनी पकड खिशात घातली. तो चुकीचा जोड आमच्या घरात टीव्ही बदलेपर्यंत तसाच राहिला.

हैदराबादला मी औषधांच्या कंपनीत लागले. पांढरा कोट, जाळीची टोपी, हातमोजे. सुरुवातीला पेइंग गेस्ट म्हणून राहायचे, इडली नाहीतर पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, खायचे आणि ज्याच्या त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. मग एक दिवस भाजीवालीने 'हो'ला "हौ" म्हटलं आणि माझ्या तोंडातून आपोआप आपलं "हव" निघालं. त्या दिवशी हे शहर मला पहिल्यांदा जवळचं वाटलं. पांढरकवड्यावरून सरळ रस्ता येतो, तर बोलणंही तेवढंसं लांब कसं असेल!

तिथेच एका सहकाऱ्याच्या घरी मी मूळ यंत्र पाहिलं. खरं, जपानहून आणलेलं, काचेच्या कपाटात ठेवलेलं. त्याने मोठ्या कौतुकाने ते माझ्या हातात दिलं. मी खेळलेच, पण रिमोट जड वाटला, रंग परके वाटले. "तुमचा ड्युप्लिकेट असणार," तो म्हणाला. असेल. पण मला त्याचाच ड्युप्लिकेट वाटला, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग लग्न झालं, प्रशांत आणि मी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबा गेले. आई बाभुळगावात एकटी उरली. मी एकुलती एक. दर फोनवर मी म्हणायचे, इकडे ये. ती म्हणायची, "लेकीच्या घरी किती दिवस राहाव, बाई?" आमच्याकडे मुलीच्या घरचं पाणी पिताना विचार करणाऱ्या बायकांच्या हाताखाली आई वाढली आहे. तिच्या गुडघ्यांनी जिना सोडला, एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे आली. आली तीही पाहुणी म्हणून. बॅग पलंगाखाली, चेन लावलेली. साडी काढायची, नेसायची, वाळली की घडी करून परत बॅगेत. कपाटाचा एक कप्पा मी तिच्यासाठी रिकामा ठेवला होता, तो रिकामाच. प्रशांत घरात असला की सोफ्याच्या कडेला अवघडून बसायची. जावयासमोर पाय वर कसे घ्यायचे? फोनवर रत्नाकाकूंना सांगायची, "पोरीच्या इथं हाय. येतो लवकरच घरी."

हे "पोरीच्या इथं" मला दर वेळी लागायचं. आईला पुन्हा त्या एकट्या घरात सोडायची मला भीती वाटत होती आणि तिला बांधून ठेवायचीही इच्छा नव्हती. तिने मनाने राहावं, एवढंच हवं होतं.

तेव्हा मी तो गेम मागवला. हल्ली त्याची नक्कल एका बोटाएवढ्या काडीत येते. चीनमधून आलेलं बिननावाचं खोकं, काडी टीव्हीच्या मागे खोचायची, दोन बिनवायरीचे रिमोट, त्यांत बारके सेल. गेमच्या यादीत स्पेलिंगच्या चुका तशाच, तेच गेम पुन्हा पुन्हा तसेच. मी आईला हाक मारली. तिने चष्मा पुसला, दुसरा रिमोट घेतला. आता त्यालाही सुरू करायचं बटण होतं, तरी म्हणाली, "कर चालू."

टोप्या सुटला आणि पहिल्याच खड्ड्यात गेला. आईचा, मग माझा, परत आईचा. "हा इतका पळून काहून राह्यला?" आई वैतागली. "बाभुळगावचा असा नव्हता!" मला वाटलं, आपलं वय झालं. नंतर तोच काचेच्या कपाटवाला सहकारी म्हणाला की तेव्हा आपल्याकडच्या टीव्हीवर हे गेम थोडे संथ चालायचे, आता मूळच्या वेगाने चालतात. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जो टोप्या ओळखत होतो, तो आमच्यासाठी सावकाश पळत होता. मला ते ऐकून उगाच बरं वाटलं.

आई दोन-तीन दिवस खेळली, मग तिने रिमोट ठेवून दिला. मी विचारलं तर म्हणाली, "पडलं तरी कोणी हासत नाही. अशा खेळाले काय मजा?" ही काडी फक्त आमच्याच टीव्हीला चित्र दाखवते. अकराव्या मजल्यावरची दारं बंद असतात, बेल वाजते ती पार्सलवाल्याची.

मी ऑफिसला गेल्यावर एका दुपारी आईने फ्लॅटचं दार सताड उघडलं आणि खेळायला बसली. तिच्या मते दिवसा दार लावून घरात बसतात ती आजारी माणसं. सिक्युरिटीने मला फोन केला, मॅडम, आपका डोअर ओपन है. मी घाबरून आईला फोन केला, तर ती म्हणाली, "हव, मीच उघडलं. ठेव फोन, खेळू दे."

समोरच्या फ्लॅटमध्ये सरोजम्मा राहतात. मुलगा-सून नोकरीला, त्या दिवसभर घरी. लिफ्टपाशी भेटलो की मान हलवायची, एवढीच आमची ओळख. त्या दुपारी त्या उंबऱ्याशी उभ्या राहून बघत होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. संध्याकाळी मी लिफ्टमधून बाहेर आले तर दोन्ही दारं उघडी आणि सरोजम्मा आमच्या उंबऱ्यातून आत बोट दाखवून म्हणत होत्या, "कल भी वहींच गिरे ना आप!"

आई खदखदून हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं. मी बूटसुद्धा न काढता तशीच कॉरिडॉरमध्ये उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. "बघ व," आई मला म्हणाली, "ह्या बी आपल्यासारख्या 'च' लावतेत."

सरोजम्मा आत येऊन बसायला लागल्या, पण खेळत नाहीत. त्यांना बघायचंच असतं. आईची हिंदी आणि त्यांची हिंदी, दोन्ही आपापल्या रस्त्याने जातात आणि भेटतात. पुढे प्रशांतही खेळायला बसला. तो आईपेक्षा जास्त वेळा पडतो. सासू-जावयाचा संकोच त्यातच कुठे तरी गळून गेला असावा, कारण एका रविवारी मी पाहिलं तर आई सोफ्यावर मांडी घालून बसली होती आणि त्याला दटावत होती, "थांबून उडी मारा ना, जावईबुवा!" पण बॅग पलंगाखालीच होती.

गेल्या महिन्यात रत्नाकाकूंच्या नातीचं लग्न निघालं. आई बाभुळगावला गेली, ती बॅग घेऊन. गाडीत बसवून परत आले तेव्हा फ्लॅट मोकळा वाटला. मनात आलं, आता ती येत नाही. गल्ली आहे, रत्नाकाकू आहेत, स्वतःची चूल आहे. का यावं तिने? मी गेम लावला, एक-दोनदा पडले आणि बंद केला.

काल तिचा फोन आला. मागे लग्नघरचा गलबला, रत्नाकाकूंचा आवाज. लग्न कसं झालं, कोण आलं, बुंदी कशी कमी पडली, सगळं सांगून झालं. फोन ठेवता ठेवता तिला आठवलं.

"अन हे पाह्य, रिमोटातले सेल काढून ठेव. मी पुढच्या हप्त्यात घरी येईपर्यंत पाझरतीन ते, अन रिमोट खराब होईन."

मी "हव" म्हटलं. तिने काय म्हटलं ते तिच्या लक्षात आणून दिलं नाही. दिलं असतं तर तिने सुधारून घेतलं असतं. फोन ठेवल्यावर दुसऱ्या रिमोटचे सेल काढले आणि ठेवायला म्हणून तिच्या खोलीतलं कपाट उघडलं. रिकाम्या कप्प्यात तिच्या रोजच्या दोन साड्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. बॅगेत मावल्या नसतील म्हणावं, तर बॅग अर्धीच भरली होती, मीच उचलली होती.

फ्लॅटचं दार हल्ली मीही उघडंच ठेवते. सरोजम्मांनी उंबऱ्यातून विचारलं, "अम्मा कब आरे?"

"आरे," मी त्यांच्याच हैदराबादी हिंदीत म्हटलं. "अगले हफ्ते घर को आरे."