घंगाळातला सील

मास्तरांची नाडी म्हणून मी स्वतःचीच मोजली. पंचावन्न साली मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या या मास्तरांना सील या समुद्रातल्या प्राण्याचं वेड होतं. सील कधी पाहिला नव्हता, पण ताटातला बांगडा शेपटीने उचलून सांगायचे, "हं, बघा, सील माशाला डोक्याकडून गिळतो. हं, म्हणजे पर घशात टोचत नाहीत." तोवर वहिनींची कढी निवून जायची.

एका रविवारी म्हणाले, "हं, बुडी मारली की सीलचं हृदय मंदावतं. माणसाचंही मंदावत असणार. उद्या वर्गात छातीठोक सांगायचंय, तुम्ही नाडी धरा." आणि त्यांनी घंगाळात तोंड बुडवलं. मी अंगठ्याने मनगट दाबलं आणि ओरडलो, "मास्तर, पळत सुटलीय!"

मास्तर निथळत बसले. "मग नाहीच सांगत पोरांना." त्या वाक्यात 'हं'सुद्धा नव्हता.

वहिनी वैद्यांची लेक. त्यांनी मास्तरांना पुन्हा तोंड बुडवायला लावलं, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि ते वर येताच म्हणाल्या, "मंदावली हो, चांगली मंदावली!" मग माझ्याकडे वळल्या.

"अंगठ्याने धरली की आपलीच लागते, भावजी. बुडत होते हे, आणि घाबरलात तुम्ही!"