रानमोडीचा वास

काल बॉटनीच्या तासाला मॅडमनी एक फांदी वर्गात फिरवली. शेवंतीच्या कुळातलं झुडूप आहे, म्हणाल्या, रानमोडी. मी पान चुरगळलं आणि त्या उग्र, कच्च्या वासाने हात तसाच थांबला.

मी सात-आठ वर्षांची असेन. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती होती आणि मागच्या उतारावर रानमोडी माझ्या डोक्याच्याही वर वाढलेली. एका दुपारी मी आत शिरून तिची फिकट जांभळी फुलं तोडत होते. तेवढ्यात आई आली. एरवी ती लांबूनच ओरडली असती, "टाळकं फिरलं काय गो तुझं?" त्या दिवशी मात्र अगदी हळू म्हणाली, "बाय, चाय झालीय. माझ्याकडे बघत ये. धावू नको."

"थांब ना, अजून थोडी फुलं!"

"ये ना गो राणी."

राणी ती मला कधीच म्हणायची नाही. मी खूश होऊन रमतगमत गेले. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. घरात चहा नव्हताच. आईने भरदुपारी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली.

त्या झाडीत बिबट्या येतो, हे मला पुढे कळलं. तरी तिला नक्की काय दिसलं होतं, हे मी काल घरी आल्यावर पहिल्यांदाच विचारलं.

"दिसलं काहीच नाही," आई म्हणाली. "वारा पडला होता, आणि तुझ्यामागचं एकच झुडूप हलत होतं."