चंबूतला लाल रंग

माझी धाकटी बहीण रसायनशाळेत संशोधक होती आणि मी तिथल्याच भांडारात, सिलिंडर आणि काचसामान देणारा. मनाने ती सरळ, पण शेजारच्या टेबलावरची बाई तिच्या डोळ्यांत सलायची. ती बाई हिच्या मागून आली आणि सगळ्यांची ताई झाली. हिला कोणी ताई म्हटलं नव्हतं.

दोघींचं काम एकच. सायनाइडच्या पकडीतला निकेल एरवी दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. द्रावण पिवळं दिसतं. त्याला एक इलेक्ट्रॉन परत दिला की दोन निकेल थेट एकमेकांना धरतात आणि द्रावण लालभडक होतं. हवा लागली की खेळ खलास, पुन्हा पिवळं. म्हणून चंबूत सतत नायट्रोजन सोडायचा.

ताईंचं पहिल्याच प्रयत्नात लाल झालं.

"याला म्हणतात हात!" साहेब म्हणाले.

"मग माझे काय, पाय आहेत?" बहीण घरी येऊन म्हणाली. जेवली नाही.

पुढे खूप खटपटीनंतर तिचंही लाल झालं. दोन्ही नमुने तपासणीला जायचे होते. जिचा सरस, तिच्या नावावर काम लागणार.

आदल्या संध्याकाळी ताई घरी गेल्यावर बहिणीने मला बोलावलं. ताईंच्या नायट्रोजनच्या सिलिंडरचा काटा शून्याला टेकत आला होता.

"दादा, भांडारात दुसरा आहे?"

"सकाळी येईल."

ती काट्याकडे बघत राहिली. "मी काही करायलाच नको. आपोआप पिवळं होईल."



"मेली निवांत चहा पीत असेल," असं पुटपुटत तिने स्वतःच्या सिलिंडरला दुतोंडी नळी जोडली, दोन्ही चंबूंना वायू मिळावा म्हणून. अशा नळीतली हवा आधी नायट्रोजनने हाकलायची असते. नवख्यांना हे तीच शिकवायची. ताईंच्या बाजूची तिने नीट हाकलली. रागाच्या भरात स्वतःच्या बाजूची राहिली. बघता बघता तिचा चंबू पिवळा पडला.

सकाळी ताई म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून वाचलं हो!"

"नळी हाताशी होती," ती तुटकपणे म्हणाली.

काम ताईंच्या नावावर लागलं. त्या दिवशी घरी परतताना बहीण म्हणाली, "दादा, माझं लाल तिच्यापेक्षा गडद होतं. खरं सांग."

मला दोन्ही सारखीच दिसली होती. "होतं," मी म्हटलं.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"