फ्लेक्सवरचं धड

दिपकच्या फ्लेक्सच्या दुकानात धडांना तोटा नव्हता. पासपोर्ट फोटोतलं तोंड कापून सुटाबुटातल्या धडावर बसवण्यात आपला हात धरणारं सोलापुरात कुणी नाही, असं निदान तो तरी म्हणायचा. मतमोजणीच्या आदल्या दिवशी दोन्ही उमेदवारांच्या विजयाचे फ्लेक्स त्याच्याकडे छापून तयार असायचे. पडलेल्याचा फ्लेक्स मग कुणाच्या तरी गळक्या पत्र्यावर जायचा.

म्हणून लेक ऋतुजा राज्यस्पर्धेसाठी पुण्याला गेली, त्याच दिवशी त्यानं मशीन सुरू केलं. ती चाकाच्या बुटांवर गाण्याच्या तालात गिरक्या घ्यायची, उड्या मारायची. त्याला फिगर स्केटिंग म्हणतात, एवढं बापाला ठाऊक होतं. ‘सोलापूरची सुवर्णकन्या’ हा मजकूर झटक्यात झाला, फोटोपाशी गाडं अडलं. मोबाईलमध्ये तिचे शाळेचे फोटो निघाले, लग्नाकार्यातले निघाले, पण स्केटिंगचा एकही निघेना. पोरगी लहानपणापासून मैदानावर जात होती आणि तिला सोडायला-आणायला शालन जायची, त्याची बायको. दिपकला क्षणभर लाज वाटली, पण ती त्यानं कामात ढकलली. इंटरनेटवर बर्फावर एका पायावर तोललेली, निळ्या झग्यातली कुणी गोरी खेळाडू सापडली. तिच्या धडावर लेकीचं तोंड बसवलं, कातडीचा रंगही जुळवला.

फोनवर ऋतुजा ‘उद्या येते’ एवढंच म्हणाली होती. दिपकनं तो तिचा विनय समजला. स्टेशनवरून तिला मोटारसायकलवर घेऊन येताना वाटभर तोच बोलत राहिला.

चौकात हलगी सुरू झाली. शेजारची चिमाबाई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ऋतुजानं वर टांगलेल्या फ्लेक्सकडे बघितलं.

“पप्पा, माझा शेवटचा नंबर आलाय. मी मधेच पडले.”

“आला न्हवं नंबर?” चिमाबाई म्हणाली. “शेवटचा का हुईना की.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हलगी थांबली. दिपकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्वतः शिडीवर चढला आणि दोऱ्या कापू लागला. खाली पोरं मोबाईल धरून उभी होती.

घरी ऋतुजानं फ्लेक्सची गुंडाळी पुन्हा उलगडली.

“ही एस्तर हाय. हंगेरीची. मी पहिल्यापासनं हिचे व्हिडिओ बघते.”

“लई मोठी खेळाडू हाय का?”

“कसली मोठी? युरोपच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्या फेरीत बाहेर. एकदाच पुढं गेली, तितं पण शेवटची. गुडघा गेला म्हणून गेल्या वर्षी खेळायची थांबली. ह्या निळ्या झग्यात तर दोनदा आपटली होती.”

“मग तिचं काय बघत बसतीस?”

“पडल्यावर ती उठून गाणं गाठती की. मी पडले, तर पप्पा आता काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. गाणं पुढं गेलं निघून.”

दिपकनं फ्लेक्सवरच्या निळ्या झग्याकडे बघितलं. हरण्याची लाज पोरीला आपणच लावली होती, आणि तीही तिचा खेळ एकदाही न बघता.

“आणि माझा झगा लाल होता,” ती म्हणाली. “मम्मीनं शिवलेला.”

कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या शालननं मान वर केली नाही. तो झगा घरातच, दिपकच्या डोळ्यांसमोर शिवला गेला होता.

“रविवारी मी येऊ का मैदानावर?” त्यानं विचारलं.

“फोटो काढायला येणार असाल तर नको.”

रविवारी तो मोबाईल घरी ठेवून गेला. मैदानावर सगळ्या पोरींनी सारखेच काळे कपडे घातलेले, केस सारखेच वर बांधलेले, आणि सगळ्या भर्रकन फिरत होत्या. यातली आपली कोणती, हे बापाला ओळखू येईना. शेजारच्या बाईनं विचारलं, “तुमची कुठली?” त्यानं उगीच एकीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला एक पोरगी धाडकन पडली. हात झटकत उठली आणि गाणं संपायच्या आत पुन्हा तालात आली. वळताना तिचं तोंड इकडे झालं, तेव्हा कुठे त्याला कळलं, आपली ती ही.