पोळ्याच्या दिवशी रुतलेली जीप

माझी एक खोड आहे. आधी तोंड चालतं, डोकं मागून येतं. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाला ब्रेक न्हाई." ड्रायव्हरच्या बायकोनं असं म्हणावं, आता काय बोलणार! त्या तोंडापायी मी स्वतःचं पुष्कळ नुकसान करून घेतलं, त्याचं काही नाही. पण एकदा एका पोरीचं होता होता राहिलं, ते सांगतो.

ती नामांतराची वर्षं. मी आरोग्य खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो, राहायला परभणीत. पावसाळ्यात हिवतापाच्या तपासणीसाठी आमचा दहा-बारा दिवसांचा दौरा निघायचा. जिथं एसटी पोचत नाही तिथं आमची जीप. डॉक्टरीणबाई औषधांच्या पेट्या बघून घ्यायच्या आणि मी माझा संसार भरायचो. दोन जाड फळ्या, फावडं, रिकामी पोती, चाकात हवा भरायचा पंप आणि मोटेचा जुना नाडा, म्हणजे दोर, चांगला मनगटाएवढा जाड. विहिरीवर इंजिनं आली, मोटा गेल्या, पण नाडा मी जपून ठेवला होता. काळ्या मातीत रुतलेली गाडी साखळीपेक्षा नाड्यानं बरी निघते, कारण नाडा जरा ताणतो, एकदम झटका बसत नाही. हे मी रुतून रुतून शिकलो.

आता माझं पाप सांगतो. साध्या गाडीत जोर मागच्या दोन चाकांना असतो. फोर-व्हील जीपमध्ये एक छोटा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, म्हणून ती चिखलातून निघते. हा जोर पुढं नेतो एक लोखंडी शाफ्ट. उन्हाळ्यात आम्ही ड्रायव्हर लोक तो सरळ काढून ठेवायचो. डिझेल कमी लागतं, खडखड कमी होते, आणि साहेबाला काय कळतंय! मृग लागला की परत बसवायचा. त्या वर्षी मी आज बसवू, उद्या बसवू करत राहिलो. शाफ्ट परभणीला माझ्या बाजेखाली पोत्यात गुंडाळलेला, आणि मी निघालो दौऱ्यावर. तिथवरची गावं कोरड्या वाटेनं झाली, म्हणून माझी अक्कल झाकली गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गंगाखेडच्या पुढं गोदाकाठच्या एका गावात पोचलो. घरोघरी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळणं चाललं होतं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," म्हणून बैलांना सांगत होते. पण गावात एक अवघडलेपण होतं. विद्यापीठाच्या नावावरून गाव आणि बौद्ध वस्ती यांचं बोलणं तुटलं होतं. कामाला बोलावणं बंद, उसनं-पासनं बंद. आम्ही उतरलो होतो त्या शाळेत आधी गावातली माणसं तपासून गेली, मग वस्तीतली आली. दोघं एका वेळी आले नाहीत.

वस्तीतून एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. पोरगी मॅट्रिक झालेली, अंगानं बारीक, बोलायला धीट. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परभणीत तिची नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखत होती. वयाच्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. ही संधी गेली तर शेतातली खुरपणी ठरलेली. पावसाळ्यात त्या गावची एसटी बंदच असायची, म्हणून मायलेकी अंधारातच पायी निघून गंगाखेडला सकाळची गाडी धरणार होत्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी विचारायच्या आत मी बोलून बसलो, "कशाला चालता अक्का? सकाळी खुशाल आठला निघू. फोर-व्हील हाय आपली, नांगरलेल्या रानातून नेईन!"

मायलेकींनी माझ्यावर भरवसा टाकला आणि पहाटेचं निघणं रद्द केलं. डॉक्टरीणबाई उरलेल्या तपासणीसाठी गावातच थांबणार होत्या.

रात्रभर पाऊस झाला. सकाळी गावापासून कोसभरावर, ओढ्याच्या अलीकडं, पांदीच्या अरुंद वाटेत जीप रुतून बसली. मी दांडा ओढला, आणि मग आठवलं की ओढून उपयोग काय! मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि जीपचं पोट चिखलाला टेकलं. फळ्या घातल्या, पोती घातली, चाकातली हवा कमी केली. फळ्याच आत गेल्या. नऊ वाजले. अक्का एका दगडावर बसून नुसती बघत होती. पोरगी चप्पल हातात घेऊन म्हणाली, "मामा, मी चालत निघते."

"सकाळची गाडी गेली ना बाई," मी म्हणालो. "चालत जाऊन आता काय सापडणार?" हे बोलताना माझा मला एवढा राग आला की स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं.

ओढ्यावर गावातले दहा-पंधरा गडी बैल धूत होते. मी धावत गेलो. सगळ्यात पुढं एक म्हातारा शेतकरी, त्याची पांढरी खिल्लारी जोडी बघत राहावी अशी. म्हणालो, "बाबा, दोन जोड्या लावा. दोन मिनिटांचं काम हाय."

"आज न्हाई," म्हातारा म्हणाला. "आज पोळा. आज बैलाच्या खांद्यावर जू न्हाई."

झालं! माझं तोंड सुटलं. "बैलाचं निमित्त कशाला सांगता? वस्तीतली पोर हाय म्हणून जमंना, असं सरळ बोला की! तिची दोनला मुलाखत हाय, तिच्या जन्माचा प्रश्न हाय!"

म्हातारा माझ्याकडं टक लावून बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "लय बोलायलास. काल शाळेपुढं तर आम्हालाबी सांगत हुतास, तुझी गाडी चार चाकांनी वढती म्हणून. मग आज काय झालं तिला?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. म्हणालो, "शाफ्ट घरी हाय. मीच काढून ठेवला. पोरीचा काही दोष न्हाई बाबा, चूक सगळी माझी हाय."

"म्हंजे दोन पाय घरी ठिवून आलास की रं!" म्हातारा म्हणाला, आणि मागं दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी बाहीनं पुसलं.

म्हाताऱ्यानं बैल बाभळीला बांधले, धोतर खोचलं आणि गड्यांकडं वळला. "चला रं. सण बैलांचा हाय, आपला न्हाई. आज बैलाला सुट्टी, आपण वढू."

एकानं कुरकुर केली, "कुणासाठी वढायचं, आबा?"

"मुलाखतीला जाणाऱ्या पोरीसाठी. तुला यायचं नसंल तर माझे बैल धू."

तो तिथंच थांबला, त्याच्यासोबत आणखी दोघं. बाकीचे आले. तेवढ्यात जीप रुतल्याचं कळून वस्तीतलेही सात-आठजण फावडी घेऊन पळत आले. गाववाले एका बाजूला, हे एका बाजूला, मधे जीपला बांधलेला नाडा. कोणीच हात लावेना. म्हातारा खेकसला, "नाडा एकच हाय, वाटण्या काय करायच्यात? उंच माणसं मागं, बुटकी म्होरं, धरा बिगीनं!" मग उंचीप्रमाणं सगळे मिसळले.

चाकांपुढची माती आम्ही उकरून काढली, त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या. मी सांगितलं, हॉर्न वाजला की एकदम ओढायचं, आधी नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली, क्लच हळू सोडला, हॉर्न दिला. पहिल्याच ओढीला सगळ्यात पुढचा गडी घसरला आणि सगळी रांग एकमेकांच्या अंगावर चिखलात पडली. कोण गावचा, कोण वस्तीचा, काही ओळखू येईना. आधी पोरगी हसली, मग सगळेच खदाखदा हसले. म्हातारा तोंडावरचा चिखल पुसत ओरडला, "हां रं ढवळ्या, उठ! पवळ्या, मान खाली! हैक, हैक!"

दुसऱ्या ओढीला जीप हलली. तिसऱ्या ओढीला बाहेर आली, आणि मी ब्रेकला पाय न लावता तशीच ओढ्यातून पलीकडच्या मुरमाड चढावर नेऊन उभी केली. आनंदानं एवढा मोठा हॉर्न दिला की बिचारे बैल बुजले.

अक्का म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकली. तो दोन पावलं मागं सरला. "पाया पडू नको. माझ्या घरी सांगावा धाड, संध्याकाळी म्हाताऱ्याच्या खांद्याला तूप-हळद चोळा म्हणावं." ती पदर तोंडाला लावून हसली.

वाटेत अजून दोन ठिकाणी चिखल लागला, प्रत्येक ठिकाणी आम्ही तिघांनी उतरून मातीत फळ्या घातल्या. परभणीच्या अलीकडं पोखर्णी गावाला घड्याळ बघायची मला हिंमत झाली नाही. परभणीला पोचलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. शिपाई म्हणाला, "यादी संपली, शेवटची आत हाय." पोरगी तशीच, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, दारात जाऊन उभी राहिली. दार उघडलं आणि तिला आत घेतलं.

आम्ही दोघं फाटकाशी बसलो. मी ज्या देवांना कधी हात जोडले नव्हते त्यांनाही जोडले. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मीच विचारलं, "काय झालं गं?"

"घेतलं," ती म्हणाली. "एक तारखेपासून या म्हणाल्या."

अक्का तिथंच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. मीही रडलो, त्यात लाज कशाची?

पोरगी आईशेजारी बसली. "मुलाखत घेणाऱ्या मोठ्या बाईंनी माझ्या पायांकडं बघितलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, ही काय दशा? मी म्हनलं, जीप रुतली हुती, गावानं वढून काढली. त्या म्हणाल्या, कुणाच्या गावानं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, माझ्या."

अक्का रडायची थांबली आणि लेकीकडं बघतच राहिली.