खंडेनवमीला बंद केलेला पंप

देवासकर मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

फॅक्टरीच्या लॅबमध्ये मी प्लॅटिनम आणि तांब्याच्या मिश्रधातूचे स्फटिक वाढवत होते, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. गरम द्रावणात पंपातून विरघळलेला क्षार थेंब थेंब पडत राहिला, तरच त्यांना सपाट बाजू येतात, आणि उत्प्रेरक म्हणून त्या बाजूच कामाच्या. मध्येच थांबून चालत नाही.

जेवून आले तर हीटर बंद, पंपही बंद. पंपावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. फ्लास्कच्या तळाशी काळा गाळ.

आमचे सीनियर काका शांतपणे म्हणाले, "अगं, आज खंडेनवमी. यंत्राला आज विश्रांती द्यायची असते."

"काका, स्फटिक वाढत होते. आता सगळे एकमेकांना चिकटले."

"तो क्या हुआ, परवा फिर से चालू कर दे. घे, प्रसाद घे."

पूजेला माझी ना नाही. विचारलं असतं तर चालत्या पंपाला मीच फूल वाहिलं असतं.

उद्याच्या श्रीखंडासाठी काकूंनी घरी चक्का टांगलाय, असं काका सकाळीच सांगत होते. तो अर्ध्यातच उतरवून "आज फडक्याला विश्रांती" असं काकूंना सांगायची त्यांची हिंमत आहे का? तुम्हीच सांगा.